शनिवारच्या लग्नासाठी घटस्फोटाची नक्कल

गुरुवारी दुपारी व्हर्लिन हॅगेमन काउंटी कचेरीच्या खिडकीसमोर उभा होता आणि खिडकीपलीकडे त्याची पहिली बायको बसली होती. ती तिथं रोजच बसायची. ग्लेनिसला लोकांनी लागोपाठ चार वेळा काउंटी क्लार्क म्हणून निवडून दिलं होतं, आणि जन्म, मृत्यू, जमीन, मतदान, लग्न, काडीमोड यांतलं काहीही तिच्या शिक्क्यावाचून खरं धरलं जात नसे. त्यामुळे व्हर्लिन आपले जमिनीचे कागदसुद्धा एवढी वर्षं टपालानं पाठवत आला होता.

"बोल," चष्म्यावरून बघत ग्लेनिस म्हणाली.

"जरा एक नक्कल हवी होती."

"कशाची?"

व्हर्लिननं मागे वळून पाहिलं. रांगेत चिटपाखरू नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणला. "घटस्फोटाची."

"कुणाच्या?"

"आता कुणाच्या म्हणजे? तुझ्या नि माझ्या!"

"अर्ज भर. दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं लिही. बायकोचं लग्नाआधीचं आडनावही."

"ते तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का ते बघतेय."

व्हर्लिननं मुकाट्यानं अर्ज भरला. त्याच्याजवळची नक्कल त्यानं या वसंतात स्वतःच्या हातानं जाळली होती. शेडमधली जुनी खोकी रिकामी करताना बियाण्यांच्या बिलांबरोबर तीही अंगणातल्या पिंपात गेली आणि काडी लागली. तेव्हा त्याचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आज सकाळी. ग्लेनिसचं तोंड बघायला लागू नये म्हणून तो लग्नाच्या परवान्यासाठी मुद्दाम शेजारच्या काउंटीत गेला होता आणि तिथल्या बाईंनी पहिल्या घटस्फोटाची शिक्क्याची नक्कल मागितली. ती मिळणार ग्लेनिसकडेच.

लग्न शनिवारी होतं. उद्या शुक्रवारी काउंटीच्या जत्रेमुळे कचेरी बंद. आणि ही तारीख तिसरी होती. पहिल्यांदा गाई विण्याचे दिवस आले म्हणून व्हर्लिननं तारीख पुढे ढकलली, दुसऱ्यांदा गारांनी शेडचं छप्पर फोडलं म्हणून. दोन्ही वेळा 'पुढच्या तारखेला नक्की' असं तो म्हणाला होता. रोवेना, म्हणजे होणारी बायको, चिडली नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून नुकतीच निवृत्त झालेली बाई, ती कधी आवाजच चढवत नसे. ती इतकंच म्हणाली होती, "व्हर्लिन, तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली, तर ती तुझी तू एकट्यानं घेऊन जा." त्या शांत आवाजानं व्हर्लिनची झोप उडाली होती. सध्या ती खाली पिकअपमध्ये बसली होती आणि नक्कल जळाल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"ग्लेनिस, असं कर ना," अर्ज सरकवत व्हर्लिन म्हणाला, "नक्कल राहू दे, लग्नाचा परवाना तूच देऊन टाक. मी मोकळा आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?"

"मला माहीत आहे. फायलीला कुठं माहीत आहे? शिक्क्याची नक्कल जोडल्याशिवाय परवाना नाही, असा नियम आहे."

"नियम केला कुणी?"

"मीच."

पण काम करायला बाई चोख. मागच्या खोलीत जाऊन तिनं फाइल काढली, हुकूमनाम्याची झेरॉक्स केली, टेबलावरचा, कागदावर ठसा उठवणारा लोखंडी शिक्का पुढे ओढला, त्याच्या जबड्यात कागद घातला आणि थांबली.

"अरे देवा."

"आता काय झालं?"

"यावर मला सही करता येत नाही. मी यात पक्षकार आहे. स्वतःच्या खटल्याची नक्कल स्वतःच खरी म्हणून कशी देऊ?"

"मग तुझ्या डेप्युटीला दे की!"

"जोलीन सोमवारी बाळंत झाली. मुलगी आहे. ती आता डिसेंबरात उगवणार."

ग्लेनिसनं काउंटीच्या वकिलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वकील जत्रेच्या मैदानावर होता. त्याच्या मुलीचा गोऱ्हा उद्या स्पर्धेत उतरणार होता, आणि त्याला आंघोळ घालून मोठ्या ब्लोअरनं वाळवणं चाललं होतं. कचेरीभर तो घोंगावणारा आवाज भरून राहिला. नेमकी त्याच वेळी उन्हानं लालबुंद झालेली रोवेना आत आली.

"किती वेळ रे? पिकअपची भट्टी झालीय नुसती." तिनं खिडकीत पाहिलं. "नमस्कार ग्लेनिसबाई. हे काय चाललंय?"

"नक्कल चाललीय," ग्लेनिस म्हणाली.

"नक्कल तर तुझ्याकडे होती ना, व्हर्लिन?"

"होती. जळाली."

"कशी जळाली?"

"पेटवली म्हणून."

फोनमधून वकील ओरडला, "ग्लेनिस, तू सही करू नकोस हां! नोव्हेंबरच्या निवडणुकीत समोरचा उमेदवार तोच कागद पोस्टरवर छापेल! तू सरळ एक डेप्युटी नेम! इथल्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही चालतो!"

"आत्ता कुणाला नेमू? सगळी इमारत जत्रेला गेलीय! शेरीफ तिकडे ॲपल-पाय भाजण्याच्या स्पर्धेचा परीक्षक झालाय!"

"जो समोर असेल त्याला नेम! ए पोरी, शेपटी ओली राहिलीय बघ!" आणि फोन बंद झाला.

ग्लेनिसनं समोर पाहिलं. समोर व्हर्लिन होता, तो पक्षकार. आणि रोवेना होती.

"तुमचं नाव इथल्याच मतदार यादीत नोंदलंय ना?"

"हो, मार्चमध्ये. तुम्हीच कार्ड दिलंत."

"उजवा हात वर करा."

"अगं, थांब थांब!" व्हर्लिन कळवळला. "ती माझी होणारी..."

"होणारी. अजून कुणी नाही. परवाना कुठं झालाय?"

अशा रीतीनं रोवेनानं हात वर करून राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ घेतली, लाकडी फाटक ढकलून ती आत गेली आणि जोलीनच्या खुर्चीवर बसली. तिला मनातून मजाच वाटत होती. पण व्हर्लिनची सुटका इतक्यात नव्हती. नक्कल मुळाबरहुकूम आहे असं लिहून द्यायचं तर ताडून बघणं आलं. एकीनं मूळ वाचायचं, दुसरीनं नकलेवर बोट ठेवून चालायचं.

"मोठ्यानं?" व्हर्लिननं विचारलं.

"मोठ्यानं," ग्लेनिस म्हणाली आणि सुरू झाली. "'मासेमारीची बोट, ट्रेलरसह, प्रतिवादीला.'"

"बरोबर."

"'मोठा फ्रीझर, आतल्या माशांसह, प्रतिवादीला.'"

"माशांसह," रोवेनानं व्हर्लिनकडे एक नजर टाकली. "बरोबर."

"'कुत्रा, वादीला.'"

"कुत्रा माझा लाडका होता," व्हर्लिन पुटपुटला.

"म्हणून तर मागितला. गप्प बस. 'प्रतिवादीस रीतसर कळवूनही तो सुनावणीस हजर राहिला नाही.'"

"बरोबर" काही ऐकू आलं नाही. रोवेनाचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं.

"तू स्वतःच्या घटस्फोटालाही गेला नव्हतास?"

व्हर्लिन खिडकीची कड नखानं खरवडू लागला.

"काय झालं होतं त्या दिवशी? गाय व्यायली होती?" आवाज तोच शांत. शिक्क्याची मूठ तिच्या हातात होती आणि ती मूठ खाली यायचं नाव घेत नव्हती. शनिवार आता सर्वस्वी त्या मुठीवर अवलंबून होता, आणि हे व्हर्लिनला बरोबर कळलं.

त्याच्याजवळ एक चांगलं कारण तयार होतं, ट्रॅक्टरच्या टायरचं. ते त्यानं गिळलं.

"आलो होतो," तो म्हणाला. "नवा शर्ट घालून सकाळपासून खाली पिकअपमध्ये बसलो होतो. आत गेलो की सगळं संपलं म्हणून उतरलोच नाही. रोवेना, मी भित्रा आहे गं. वासरं खरी होती, गाराही खऱ्या होत्या. पण त्या नसत्या ना, तर मी आणखी काहीतरी शोधून काढलं असतं. तू नको आहेस म्हणून नाही. तू फार हवी आहेस, आणि याही वेळी माझ्या हातून वाटोळं होईल म्हणून पाय अडतात माझे."

ग्लेनिसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पिकअप दिसत होता मला त्या दिवशी," ती म्हणाली. "या समोरच्या जिन्यावरून. वाटत होतं, तू येशील. पाच वाजता निघून गेला." मग ती रोवेनाकडे वळली. "हे मी क्लार्क म्हणून सांगत नाही हां. माझं तोंड बघायला लागू नये म्हणून हा माणूस इतकी वर्षं टपालाची तिकिटं चिकटवत बसला. आज तुमच्यासाठी तो खिडकीपर्यंत आला. माझ्यासाठी नव्हता आला. मला जरा वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटतंय."

रोवेना व्हर्लिनकडे बघत राहिली. तो घामानं निथळत होता, पण जागचा हलला नव्हता. दार तर त्याच्या मागेच उघडं होतं.

"बरोबर," ती म्हणाली आणि तिनं शिक्क्याची मूठ दाबली. साऱ्या शाळेच्या सिनॅमन रोलचं पीठ मळलेला हात तो. कागद फाटता फाटता वाचला.

"हळू! कागद आहे तो, कणीक नाही," ग्लेनिस ओरडली, आणि दोघींना हसू फुटलं.

नक्कल झाली तशी रोवेनानं उत्साहानं लग्नाच्या परवान्याचा कोरा अर्ज पुढे ओढला. "हाही मीच करून टाकते."

"ठेव तो खाली!" ग्लेनिसनं अर्ज काढून घेतला. "स्वतःच्या लग्नाचा परवाना स्वतःच देणार? यात तू पक्षकार. हा मी देणार."

त्याप्रमाणे नवरीनं नवऱ्याच्या घटस्फोटावर सही केली आणि पहिल्या बायकोनं त्याच्या लग्नावर. नवऱ्याला फक्त दोघी बोट ठेवतील तिथं नाव लिहायचं होतं, आणि तेही त्यानं एकदा चुकीच्या रकान्यात लिहिलं.

"दोघंही स्वखुशीनं लग्न करताय?" ग्लेनिसनं अर्जातला प्रश्न विचारला.

"हो," रोवेना म्हणाली.

"हो, हो, हो," व्हर्लिन म्हणाला.

"एकदा पुरे. जागा एका 'हो'चीच आहे."

पाच वाजता ग्लेनिसनं दिवे मालवायला घेतले. "शनिवारी अकराला चर्चमध्ये तूही ये," रोवेना तिला म्हणाली. ग्लेनिसनं जरा विचार केला, मग मान हलवली. "येते. पण मंगळवारी सकाळी आठला तू इथं ये. शपथ झालेलीच आहे, जोलीन डिसेंबरशिवाय येत नाही, आणि मतदानाचा डोंगर समोर आहे. पगार फार नाही, पण खुर्ची चांगली आहे."

"अगं, पण मंगळवारी आपण तळ्यावरच्या केबिनमध्ये असणार ना?" फाटकाबाहेरून व्हर्लिन म्हणाला. "लग्नानंतरची सहल आपली!"

रोवेनानं खुर्चीत बसून एकदा गिरकी घेतली. तिचा चेहरा फुलला होता.

"तेवढी तारीख जरा पुढे ढकलू या की," ती म्हणाली. "मतदान झालं की जाऊ. नक्की."

हे "नक्की" व्हर्लिनच्या चांगलं ओळखीचं होतं.