शंभरपैकी आबा

“सर, हमारे आबा पास कब होंगे?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज राधा आणि विजयालक्ष्मीने शाळेच्या बसमध्ये लावली होती. देवयानीशी पैज लावणं म्हणजे उतारावरच्या सायकलला धक्का देणं! वादविवाद स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तिच्या अंगात इतकी हिंमत आली होती, की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या अख्ख्या ब्लॉकला वाटली असती तरी तिच्यापुरती उरली असती. तिने घरी येऊन दप्तर टाकलं आणि आबांचा पाय वरखाली करत असलेल्या चिराग सरांना थेट विचारून टाकलं.

चिराग सर म्हणजे आबांचे फिजिओथेरपिस्ट. माणूस फार सरळ. ते हसले नाहीत, उलट नीट उत्तर दिलं.

“अगले इतवार को दादाजी का असेसमेंट है. खाना, नहाना, कपड़े पहनना, बिस्तर से उठना, चलना, सीढ़ियाँ. सब मिलाके सौ नंबर. नब्बे आ गए, तो अकेले भी रह सकते हैं. बस एक बात है. जो करते हैं वही लिखूँगा, जो कर सकते हैं वो नहीं.”

शेवटचं वाक्य देवयानीच्या कानात शिरलंच नाही. कान ‘अकेले’ या शब्दापाशीच थांबले होते!

कारण प्रश्न तिच्या खोलीचा होता. आबा पाचोऱ्याला न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि बाबांनी त्यांना दिल्लीला आणलं. आणलं ते थेट देवयानीच्या खोलीत! तेव्हापासून ती हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती. त्या दिवाणाच्या बरोबर मध्ये एक खिळा वर आला होता आणि देवयानीने कूस बदलली, की तो तिला भेटायला यायचा. आबासुद्धा रोज सकाळी चहाबरोबर म्हणायचे, “मला पाचोऱ्याला पाठवा रे.” बाबा म्हणायचे, “चिराग सर हो म्हणाले, की त्याच दिवशी तिकीट काढतो.”

म्हणजे हिशोब सोपा. आबांना नव्वद, देवयानीला खोली!

“आबा, तुमची परीक्षा आहे. क्लास लावू या,” ती म्हणाली.

“या वयात क्लास?”

“दिल्लीत परीक्षा म्हटली की क्लास लागतोच, आबा. बिल्कुल कंपल्सरी!”

आणि क्लास कुठे असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पलीकडे मुनिरक्यात अंबादासदादा राहायचा. पाचोऱ्याचाच, आबांच्या मित्राचा नातू. कलेक्टर व्हायला आला होता आणि तिसऱ्या मजल्यावर, कपाटाएवढ्या खोलीत, नकाशांच्या भिंतींमध्ये अभ्यास करत होता. रोज संध्याकाळी पाचला तिथे लुटूपुटूची मुलाखत भरायची. एकाने उमेदवार व्हायचं, बाकीच्यांनी त्याला सोलून काढायचं. प्रमुख होती इंदुमतीताई. साताऱ्याची. तिच्यासमोर मुलं आपलं नावसुद्धा चाचरत सांगायची.

ई-रिक्षाने आबा मुनिरक्यात पोचले. काठी टेकत, जिन्यावर प्रत्येक मजल्याला “अरे, इथे माणसं राहतात की कबुतरं?” असं विचारत वर चढले. सगळं ऐकून इंदुमतीताईचे डोळे चमकले.

“आजोबा, परीक्षा कुठलीही असो, तंत्र एकच. प्रश्न आला की घाई करायची नाही. आधी पार्श्वभूमी सांगायची. मग दोन्ही बाजू मांडायच्या. मग समतोल समारोप. बसा, घेऊन बघू. तुम्ही स्वतः आंघोळ करता का?”

“करतो,” आबा म्हणाले.

“गेले मार्क!” अंबादास ओरडला. “आजोबा, एका शब्दात? विस्तार करा ना!”

आबांनी क्षणभर विचार केला. आयुष्यभर महसूल खात्यात काढलेला माणूस! त्यांनी घसा खाकरला आणि आंघोळ या विषयावर असे काही बोलले, की त्यात पाणीपुरवठा आला, ग्रामपंचायत आली, नदीजोड आली. फक्त आंघोळ केव्हा करतात, ते आलं नाही. खोलीत टाळ्या!

“ताई, अगं पण त्यांना उठून दाखवायचंय, बसून दाखवायचंय...” देवयानी मध्ये बोलायला गेली.

“देवयानी, पॅनलमध्ये बाहेरच्यांनी बोलायचं नाही.”

बाहेरची! वादविवादातली पहिली! तो राग तिने खाली येऊन मोमोंवर काढला. आबांनीही खाल्ले. त्यांना मोमो म्हणजे उकडीच्या मोदकाचा उनाड भाऊ वाटला आणि तो फार आवडला.

दुसऱ्या दिवशी आबा साडेचारलाच चपला घालून तयार! तिसऱ्या दिवशी त्यांनीच अंबादासला प्रश्न विचारला, “कलेक्टरसाहेब, पूर आलाय, बोट एकच आहे, आणि त्यात आमदार आधीच बसलाय. काय कराल?” अंबादासची बोबडी वळली. आबांनी हाताखालून कितीतरी कलेक्टर घातले होते, त्यांना खरं उत्तर माहीत होतं. चौथ्या दिवशी इंदुमतीताईने प्रमुखाची खुर्ची पुसली आणि आबांना बसवलं. जिना आता ते बोलत बोलत चढायचे. काठी दोनदा मुनिरक्यातच विसरून आले. आणि सकाळच्या चहाबरोबरचं ते पाचोरा? ते कधी बंद झालं, कोणाला कळलंच नाही. देवयानीला कळायला हवं होतं. पण ती खोलीसाठी नवे पडदे बघण्यात बुडालेली होती!

रविवार उजाडला. आबा पांढराशुभ्र सदरा घालून हॉलमध्ये खुर्चीत बसले. आईने चकल्यांची ताटली पुढे ठेवली. बाबा उगाचच ऑफिसचे कपडे घालून आले. राधा आणि विजयालक्ष्मी निकाल ऐकायला दाराशी हजर. देवयानीने त्यांना खोलीकडे बोट दाखवून खुणावलं: आज रात्री, तिथे!

“दादाजी, नहाते खुद हैं?” चिराग सरांनी सुरुवात केली.

“बहुत अच्छा प्रश्न है,” आबा म्हणाले. “इसकी पहले पार्श्वभूमी देखते हैं.”

देवयानी आबांना ‘नको नको’ करत हात हलवू लागली.

पार्श्वभूमी संपायला एक अख्खी चकली लागली. चिराग सरांनी घड्याळ पाहिलं. “ठीक है. कुर्सी से उठकर दिखाइए.”

“उठने के दो पहलू हैं,” आबा बसल्या बसल्या म्हणाले. “एक व्यक्ती का उठना, और एक समाज का उठना.”

“आबा, उठा ना! नुसतं उठा!” देवयानी कुजबुजली. कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत गेली.

“पॅनलमध्ये बाहेरच्यांनी बोलायचं नाही,” आबा शांतपणे म्हणाले.

“अच्छा, सीढ़ियाँ?”

“उसके लिए एक समिती बनानी चाहिए.”

चिराग सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी आवाज खाली आणला. “और... पेट साफ? कंट्रोल रहता है?”

आबांनी चष्मा नाकावर ओढला. “पहले ये बताइए, ये केंद्र का विषय है या राज्य का?”

बाबांनी तोंडावर रुमाल धरला. आई एकदम आत गेली, आणि आतून कुकरचं झाकण पडावं तसा हसण्याचा आवाज आला. विजयालक्ष्मीला यातलं निम्मंच कळलं, पण तीही दाराला धरून खाली बसली.

चिराग सरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण तोवर आबा पुढे झुकले होते.

“चिराग जी, अब आपके बारे में थोड़ा बताइए. यही सेवा क्यों चुनी?”

आणि काय सांगावं! तो बिचारा सरळ माणूस सावरून बसला आणि सांगू लागला. घरच्यांना इंजिनियर हवा होता, त्याला क्रिकेट खेळायचं होतं, मग गुडघा गेला, मग गुडघे बरे करणाऱ्यांविषयी प्रेम वाटलं... आबा मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, “उत्तर प्रामाणिक है. पर समारोप कमजोर. साठ नंबर.”

“थँक यू, सर,” चिराग सर म्हणाले. उठताना त्यांना आठवलं, की परीक्षा दुसऱ्याची होती!

त्यांनी भराभर बेरीज केली. “देखिए, जो करते हुए दिखे, वही लिख सकता हूँ. दादाजी घंटे भर कुर्सी से हिले ही नहीं. खाने में पूरे दस. सारी चकली खुद खाई. बाकी... शून्य.”

“सौ में दस?” बाबा किंचाळले.

“तीन महीने बाद फिर देखेंगे. तब तक अकेले बिल्कुल नहीं.”

दाराशी राधा म्हणाली, “देवू, आबा पास कधी होणार, हे आता कळलं. कधीच नाही, यार!” दोघी जिना उतरल्या, पण त्यांचं हसणं बराच वेळ वरच राहिलं.

देवयानी भरल्या डोळ्यांनी खिळ्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात मागे चप्पल वाजली. आबा उठले होते. हात न टेकता! सदरा झटकला, केस विंचरले आणि टुणटुण जिना उतरू लागले. काठी कोपऱ्यात तशीच!

ती धावली. फाटकापाशी गाठलं. “आबा! तुम्हाला सगळं येत होतं!”

“येतं की.”

“मग दाखवलं का नाही?”

“अगं, पास होऊन पाचोऱ्यात काय करू? तिथे दार लावून घेतलं, की दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत मला कोणी काही विचारत नाही. आणि दूधवाला तरी काय विचारतो, अर्धा लिटर की एक?” आबा ई-रिक्षाला हात करत म्हणाले. “इथे माझी पाच वाजता मुलाखत असते. आज इंदुमतीची घ्यायची आहे. तिला घाम फोडायचाय.”

“आणि माझी खोली?”

रिक्षा थांबली. आबांचा चेहरा पहिल्यांदाच जरा ओशाळला. “तो गंभीर प्रश्न आहे, देवू. त्याला दोन बाजू आहेत.”

“एका शब्दात सांगा, आबा.”

आबा हळूच म्हणाले, “राहू?”

देवयानीने त्यांना एका बाजूला सरकवलं आणि रिक्षात बसली. “चला. पण आज मी पॅनलमध्ये. आणि मोमो तुमच्याकडून.”

रात्री जेवताना बाबा अजून उदासच होते. “इतका व्यायाम करून शंभरात दहा! दुसरा डॉक्टर बघायचा का?” आबा मान खाली घालून वरणात भात कालवत होते. पूर्ण दहा मार्कांनी.

देवयानीने पाण्याचा पेला टेबलावर आपटला. अंतिम फेरीत उभी राहिली होती तशी उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. खोली आबांची. तीन महिन्यांनी चिराग सर परत आले, की आबा पुन्हा नापास होणार. तयारी मी करून घेणार, कोणी मध्ये बोलायचं नाही!” मग तिने दिवाणाकडे पाहिलं, आणि आवाज जरा खाली आला. “फक्त बाबा, आज झोपायच्या आधी तेवढा तो खिळा ठोका ना, प्लीज.”