बरणीतली हवा

नगरपरिषदेतून वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती घेऊन अर्पिता घरी आली, तेव्हा समोरच्या खोलीतल्या खिडकीत बरणी नव्हती. बरणी स्वयंपाकघरात ओट्यावर होती. राखेनं लख्ख घासलेली, उन्हात वाळवलेली, गळ्यापर्यंत आंब्याच्या लोणच्यानं भरलेली आणि तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. शेजारी इंदुआत्या पदराला हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान होतं.

इंदुआत्या म्हणजे अर्पिताच्या वडिलांची, रामराव सरांची, थोरली बहीण, वय सत्तरच्या पुढे. मारेगावहून नेरपर्यंत दोन बस बदलून, लोणच्याचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ती सकाळीच आली होती. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर लोणचं घालायचं नाही, अशी त्यांच्याकडे रीत. पण त्या घराला वर्षभर लोणच्यावाचून ठेवायचं नाही, हीही रीतच; ते नात्यातल्या बायांनी करून आणायचं. आता लोणचं स्टीलमध्ये राहत नाही, खार डब्याला खातो. तेव्हा काचेचं भांडं शोधणं आलं. घरात काचेचं मोठं भांडं एकच होतं, आणि आत्याच्या मते त्यात दहा वर्षांपूर्वीचं काहीतरी सडत पडलं होतं.

अर्पिता ओरडली नाही. अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आठ वर्षं काढल्यामुळे तिला हळू आवाजात भांडायची सवय होती. ऐकणाऱ्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

"आत्या, यात जे होतं ते कुठे आहे?"

"गाळ होय? टाकला कढीपत्त्याच्या बुडाशी. झाडाले चांगला राह्यते."

"आणि हवा?"

आत्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. भाऊ जाऊन दोनच महिने झाले होते, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असल्यास आश्चर्य नव्हतं. "हवा?" ती सावकाश म्हणाली. "हवा कोणी टाकते काय वं बाई? गेली असंल आपल्या आपण."

गेली होती, हेच तर दुःख होतं. रामराव सर, घरातले दादा, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दोन हजार चारच्या जुलैत सातवीच्या वर्गाला परिसंस्था शिकवताना त्यांनी ही बरणी तलावावर नेली. तळाशी चार बोटं गाळ, वर पाणी, पाण्यात शेवाळ, पाणवनस्पतीच्या काड्या आणि सहा गोगलगायी. वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणून शेवटी स्वतः एक मोठी फुंकर मारली आणि झाकण कायमचं बंद केलं. आता आत फक्त ऊन जाईल, बाकी काही नाही. वनस्पती प्राणवायू देतील, गोगलगायी तो घेतील, मरेल त्याचं खत होईल, पाणी काचेवर चढेल आणि खाली येईल. अख्खी पृथ्वी एका बरणीत. वरच्या कागदावर त्यांनी तारीख लिहिली. 'हवेला मालक नसतो,' ते वर्गाला सांगत, 'पण या हवेला तारीख आहे.' तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड पावणेचारशेच्या आसपास होता. आता सव्वाचारशेच्या घरात गेला, पण बरणीला त्याची खबर नाही.

त्या वर्गात अर्पिता पहिल्या बाकावर होती. पुढे होस्टेलवर गेल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावरही फोनवर तिचा पहिला प्रश्न असे, बरणी कशी आहे. झकास, असं उत्तर येई. सर गेले तेव्हा त्यांची खाट दान दिली, कपडे वाटले, चष्मासुद्धा कोणीतरी नेला. त्यांचा श्वास मात्र खिडकीत होता. हे ती कोणाला बोलली नव्हती, कारण बोलल्यावर ते जसं वाटेल तसं ते नव्हतं. पण होतं.

"तू तिचं झाकण कशानं उघडलंस?"

"विळ्यानं. लय घट्ट होतं. आन् उघडलं तं असा वास सुटला म्हणून सांगू, शेजारची कुत्री उठून गेली. ते सडलं होतं बाई, मी सांगून राह्यली ना तुले."

"ते सडलं नव्हतं. ती परिसंस्था होती."

"असंल," आत्या म्हणाली. "पण सडली होती."

मग अर्पितानं जे सांगितलं ते तिनं एका दमात आणि शुद्ध मराठीत सांगितलं. ज्या घरात आपण पाहुणे असतो तिथल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये. न कळणाऱ्या वस्तूला तर मुळीच नाही. दादांनी एकवीस वर्षं जे सांभाळलं ते तू एका दुपारी कढीपत्त्याला घातलंस. या वाक्यातला 'पाहुणे' हा शब्द इंदुआत्यानं तेवढा उचलला. याच घरात तिचा जन्म झाला होता. तिनं आपली पिशवी आणून दारापाशी ठेवली आणि जेवायला नको म्हणाली. मारेगावकडे जायची गाडी साडेपाचला होती.

इतक्यात अर्पिताचा भाऊ अमर शेतावरून आला. अमर सौम्य माणूस होता. कोणतंही भांडण अर्ध्या वाटेवर मिटवावं, हा त्याचा स्वभाव. त्यामुळे तो दोन्ही बाजूंच्या शिव्या खायचा. पण आज त्याचा चेहरा उतरला, कारण प्रकरण घरापुरतं नव्हतं. सोमवारी शाळा उघडायची होती आणि त्या दिवशी विज्ञानाच्या खोलीला रामराव सरांचं नाव देऊन ही बरणी तिथे ठेवायची होती. मुख्याध्यापक भीमसिंग राठोड यांनी पत्रिका छापल्या होत्या. पत्रिकेत 'एकवीस वर्षांपूर्वीच्या वातावरणाचे दर्शन' अशी ओळ होती, आणि दर्शनाची वेळ साडेदहा दिली होती.

"मी काय म्हणतो," अमर म्हणाला, "तलाव हाय, गाळ हाय, गोगलगायी काही संपल्या नाहीत. भरून टाकू. कोणाले कळते?"

"मला कळतं."

"तुले तं कळंलच. पण तू सांगशीन कायले?"

अर्पितानं त्याला खोटेपणा या विषयावर ऐकवलं. दादा आयुष्यात एक आकडा खोटा बोलले नाहीत, प्रयोग फसला तर फळ्यावर 'फसला' असं लिहायचे, आणि त्यांच्या नावाच्या खोलीत पहिल्याच दिवशी बनावट हवा ठेवायची. त्यापेक्षा मी भीमसिंग सरांना जाऊन सांगते की आमच्या घरात लोणचं जास्त महत्त्वाचं ठरलं. हे शेवटचं आत्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं होतं. आत्यानं पिशवी दाराबाहेर ठेवली.

अमर हो म्हणाला. हो म्हणायचं आणि आपल्याला करायचं ते करायचं, ही त्याची पद्धत. अर्पिता तोंड धुवायला मागे गेली तेवढ्यात त्यानं लोणचं पुन्हा स्टीलच्या डब्यात उलटलं, बरणी पोत्यात गुंडाळली आणि मोटरसायकलला लाथ मारली. अर्पिता बाहेर आली तर ओट्यावर तेलाचे ओघळ, आणि आत्या त्या डब्याकडे बघत उभी.

"पाच किलो," आत्या भिंतीला म्हणाली. "कैऱ्या मी स्वतःच्या हातानं फोडल्या."

अर्पितानं चप्पल घातली. अमर कुठे गेला असेल हे सांगायला कोणी लागत नव्हतं. त्या झाकणाला टायरच्या ट्यूबचं रबर आणि मेण लावून बंद करणारा गावात एकच माणूस होता, बसस्टँडमागचा पंपदुरुस्तीवाला जमीर. ती भर उन्हात चालत गेली आणि वाटेत जमीरला काय काय बोलायचं ते जुळवत गेली.

अमर तलावावर गेला होता. बरणी जमीरच्या बाकावर होती आणि जमीर पान्ह्यानं दुसऱ्याच कशाचा तरी नट काढत होता. साठीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे.

"जमीरभाई, त्या बरणीला हात लावायचा नाही," अर्पिता म्हणाली. "अमरनं काय सांगितलंय मला माहीत आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ज्यांनी तुमच्या पोरांना फुकट शिकवलं त्यांच्या नावानं खोटी बरणी तयार करताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

जमीरनं पान्हा खाली ठेवला. "बसा ताई. पाणी प्या. कायले तापून राह्यल्या? ही काय पहिली खेप हाय?"

"म्हणजे?"

जमीरला वाटलं, सर गेले, आता लपवण्यासारखं काय राहिलं. त्यानं बोटांवर मोजलं. पहिली बरणी चारच महिन्यांत, दिवाळीत अर्पिता मामाकडे असताना गेली. गोगलगायी जास्त झाल्या, शेवाळ कमी पडलं. दुसरी उन्हाळ्यात खिडकीत उकडली. तिसरीचं रबर जमीरचंच खराब निघालं. चौथी सात वर्षं टिकली, तेव्हा सरांनी त्याला पेढे दिले होते. पाचवी कशानं गेली ते सरांनाही कळलं नाही. सहावी हीच, आत्ताची.

"सहा?" अर्पिता म्हणाली.

"सहा. आन् प्रत्येक वेळी तो तारखेचा कागद जपून काढायचा, पुन्हा चिकटवायचा. मी म्हटलं, सर, नवी तारीख टाका ना. तं म्हणे, पोरगी फोनवर आधी बरणीचं विचारते, मंग माझं. तिले काय सांगू?"

अर्पिता बाकावर बसली. बाकाला ग्रीस होतं, ते तिच्या ओढणीला लागलं.

"निदान फुंकर तरी त्यांची होती ना, प्रत्येक वेळी?"

जमीरनं नजर चुकवली. सरांना दमा होता, हे काय ताईला माहीत नव्हतं? पहिल्या बरणीनंतर सगळ्या फुंकरा त्यानंच मारल्या होत्या. "पण बिडी पिऊन नाई मारली कधी," तो घाईनं म्हणाला. "सर आधी चूळ भरायले लावत."

म्हणजे रजा काढून आल्यापासून दोन महिने ती ज्या खिडकीपाशी रोज सकाळी उभी राहत होती, तिथे चूळ भरलेल्या जमीरचा श्वास होता.

"आन् ही बी गेलीच होती," जमीर पुढे म्हणाला. "मार्चमंधीच. पाणी काळं पडलं होतं, गोगलगायी पलटून पडल्या होत्या. मी म्हटलं, भरून आणतो. सर खाटेवर होते. म्हणे, आता राहू दे जमीर, अर्पिता आली की सांगून टाकतो. मंग तुम्ही आल्या त्या..." तो थांबला. ती कशासाठी आली होती ते दोघांनाही माहीत होतं.

काळं पडलेलं पाणी तिला गर्द हिरवं दिसलं होतं. पलटलेल्या गोगलगायी तिनं विश्रांती घेत आहेत असं धरलं होतं. आणि ज्या बाईनं वास घेऊन एका क्षणात निदान केलं, तिला तिनं पाहुणी म्हटलं होतं.

तिनं बरणी उचलली. अमरला सांगा गाळ परत टाक म्हणून, एवढं म्हणून निघाली. रस्त्यातच तिनं भीमसिंग सरांना फोन लावला. बरणी मेली आहे, असं सांगितलं. मग सरांनी पत्रिकांचं काय, असं विचारलं. ती म्हणाली, दर्शन नाही, पण मी साडेदहाला येते, आणि ती सहा वेळा कशी कशी मेली ते मुलांना सांगते. विज्ञानाची खोली आहे ना ती?

घरी आत्या दाराबाहेर पिशवीवर बसली होती. सव्वापाच वाजले होते.

"आत्या, तुझं बरोबर होतं. ते सडलं होतं."

या घरात सत्तर वर्षांत हे वाक्य इंदुआत्याला कोणी म्हटलं नव्हतं. तिनं अर्पिताला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग अर्पितानं ओट्यावर बरणी ठेवली, दोघींनी मिळून लोणचं परत भरलं, आणि भरता भरता तिनं सगळं सांगितलं. कागद, मेण, चूळ. सांगताना तिचा आवाज वाढत गेला. "खोटारडे होते दादा," ती म्हणाली, आणि हे ग्रंथालयातल्या आवाजात नव्हतं. "एकवीस वर्षं! मला बारा वर्षांचीच समजत होते. आणि सांगायची वेळ आली तेव्हा निघून गेले."

आत्याचा हात थांबला. दोन महिने लोक येत होते आणि सर देवमाणूस होते म्हणून चहा पिऊन जात होते. तिच्या भावाला कोणी एक वाईट शब्द बोललं नव्हतं. ऐकून ऐकून तिला तो परका वाटायला लागला होता.

"लहानपणापासूनच तसा," ती म्हणाली आणि पाट ओढून बसली. "माझ्या लग्नात राम्यानं मांडवाची दोरी सोडली. आन् म्हणे, वारा कोणत्या दिशेनं वाहते ते पाहत होतो. सासऱ्याच्या डोक्यावर पडला मांडव. मार मी खाल्ला."

"मला दहावीत गणित सोडून विज्ञानाचाच अभ्यास कर म्हणाले, आणि पेपरच्या आदल्या दिवशी बेडकाच्या मागे शेतात नेलं."

"आईचं औषध विसरला होता एकदा. पावसाचे थेंब मोजत बसला होता."

साडेपाचची गाडी गेली. भाजी निवडायची राहिली. अमर चिखलानं भरलेले पाय घेऊन दारात आला तेव्हा दोघी लोणच्याची कच्ची फोड तोंडात घेऊन, डोळ्यांतून पाणी गाळत, रामराव सरांना काय काय म्हणत होत्या.

"हळू बोला वो," तो म्हणाला. "पार चौकापर्यंत ऐकू येऊन राह्यलं. गेलेल्या माणसाले शिव्या देता?"

"ऐकू दे," आत्या म्हणाली. "तू बी बस. तुले काय म्हणायचं ते म्हणून घे."

अमर उंबऱ्यावरच बसला.

"मले म्हणे, आठवीत पहिला आला तं सायकल घेऊन देतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला. "मी आलो पहिला. तं म्हणे, सायकल बनवायले बी कारखाना लागते, धूर निघते. पायाले लागते काय कारखाना?"