केकाच्या दुसऱ्या तुकड्यावरील स्वारीची हकीकत

चित्त देऊन ऐकावे. डचांचे देशी आयसेल नदीतीरी देव्हेंटर नामे नगर, तेथील सायकल दुरुस्तीचे कारखानदार राजश्री आन्सेल्मो, मूळचे पोर्तुगाल मुलुखीचे, सासुरवाडीच्या डच भाषेवर चालोन गेले, तो प्रसंग कैसा गुजरला ते साद्यंत लिहितो.

मोहिमेचे कारण ऐसे जे, सासू आल्बर्टिनाबाई मोठ्या करारी, त्यांचे दरबारी जावयाने डच भाषेत तोंड उघडावे, आणि बाईंनी लागलीच दया करोन इंग्रजीत उतरावे. परक्याची जीभ किंचित अडखळली की अवघा मुलूख इंग्रजी बोलतो, आणि मग पाठीमागे कुरकुरतो की हे लोक आमची भाषा शिकत नाहीत, हा तेथील शिरस्ता. ऐशी कैक वर्षे गेली. मग कन्या लोटे, वय वर्षे चार, तिनेही आजीचे पाहोन बापाशी मोडके इंग्रजी आरंभिले. पोटची पोर पाहुण्याशी बोलावे तैसी बोलो लागली, तेव्हा आन्सेल्मो यांनी कंबर कसली.

पहिली मसलत पत्नी मारलाइन यांजपाशी केली. विशेषणाचे शेपटास 'ए' कधी लावावा आणि कधी छाटावा, ऐसे पुसले, तो उत्तर आले, "मला काय विचारतोस? कानाला बरं वाटेल ते लावायचं." वंशपरंपरेची जहागीर, सनद कोणी वाचलेली नाही. मग वुब्बो नामे वृद्ध, चर्चमधील निवृत्त ऑर्गनवादक, व्याकरणाचे कट्टर सरदार, यांची शागिर्दी पत्करली. त्यांनी शेपट्यांचा कायदा सांगितला, आणि तितक्यावर न थांबता जुन्या विभक्त्यांचे शस्त्रागारही उघडिले. थडग्यांवर आणि सरकारी कागदांवर गंजत पडलेल्या षष्ठ्या, चतुर्थ्या घासोन पुसोन शागिर्दाचे कमरेस बांधिल्या, आणि आन्सेल्मो पंक्चर काढता काढता त्या घोकीत बसले.

मग सासूबाईंचा वाढदिवस आला. खुर्च्यांचे रिंगण मांडिले, तेथील रीतीप्रमाणे आल्या माणसाने एकट्या सासूबाईंचे नव्हे, बसल्या सर्वांचे अभिनंदन केले, शेजारणीचेही सुटले नाही. कॉफी आली, केकाचा एकेक तुकडा फिरला, आणि पत्र्याचा डबा खटकन बंद जाहला. डबा बंद म्हणजे गडाचे दरवाजे लागले, हे त्या देशी रांगत्या पोरासही ठाऊक. परंतु पोर्तुगालात पाहुण्याने पुन्हा मागितले नाही तर यजमानीण रुसते. सबब आन्सेल्मो उठोन उभे ठाकले, आणि ठेवणीतल्या अवघ्या विभक्त्या म्यानाबाहेर काढोन अर्ज गुजरिला की, गृहस्वामिनीचिये कृपेकरोन सदरहू केकाचा खंड द्वितीय वारी लाभावा. एकही शेपटी चुकली नाही.

जावई खापरपणजोबांची भाषा बोलला, त्याचे कोणास काही नाही. दुसरा तुकडा मागितला, हा कहर. आल्बर्टिनाबाई लालबुंद जाहल्या, संतापात इंग्रजी शब्द सापडेना, मग मायबोलीतच तोफ डागली.

"दुसरा तुकडा? अरे, माणसं मोजून केक आणलाय मी. इतकी वर्षं या घरात येतोयस, एवढंही कळू नये तुला? बस खाली."

आन्सेल्मो बसले. शब्द न शब्द उमगला होता, आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. मग तेही शस्त्रे टाकोन, शेपट्या चुकवीत बोलिले, "चुकलं, आई. पण केक फार छान झालाय हो."

"छान असणारच. म्हणून काय डबा रिकामा करायचा?"

ऐशी चकमक डच भाषेतच पुष्कळ वेळ चालिली, आणि इंग्रजीची याद बाईंस राहिली नाही. तो लोटे बापाचे मांडीवर चढली, आणि आजीचा आवाज काढोन, डच भाषेत दटाविती जाहली, "पप्पा, आजी एकच देते. तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही गं," आन्सेल्मो बोलिले, "आजच सांगितलं."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तुकडा मिळाला नाही. बोलणी खाल्ली ती डच भाषेत, भर रिंगणात, घरच्या माणसाने खावी तैसी. हे वर्तमान खरे जाणोन दफ्तरी दाखल केले असे.