फ्लॅशला दटावणारे वामनकाका

आमचे शेजारी वामनकाका फोटोग्राफर, पण लग्नात नवरदेवाला ते कधी ‘हसा’ म्हणाले नाहीत. ते फ्लॅशला दटावायचे. “घाई करू नगंस! आधी माणूस बघ, मग कपडे.” वऱ्हाड खो खो हसायचं आणि काका तेवढ्यात कळ दाबायचे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि वर दुष्काळ. काका फ्लॅशसुद्धा पाण्यावरूनच समजावत. “ह्याला म्होरं डोळा हाय. उजेड माणसावर आदळून माघारी येतो, त्यो हा मोजत ऱ्हातो. पुरे झाला की तोटी बंद! पर अक्कल न्हाई. पांढरं दिसलं की फेस बघूनच घागर भरली म्हणतो.” इतर फोटोग्राफरांनी काढलेल्या उद्घाटनांच्या फोटोंत म्हणूनच खादी झकास यायची आणि पुढारी अंधारात.

माझ्या ताईचं लग्न औशाला होतं, कारण नवऱ्याकडच्या विहिरीला पाणी होतं. आई इकडे अहमदपूरला पाय मोडून खाटेवर. “भाऊजी, लेकीचं तोंड तेवढं दिसू द्या मला,” एवढंच ती काकांना म्हणाली. आणि आमचं बौद्ध लग्न! नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्यात, मागे पडदाही पांढरा. काकांना घाम फुटला. त्यांनी आत्याकडून कपाळावरची टिकली मागून घेतली आणि फ्लॅशच्या अर्ध्या डोळ्यावर चिकटवली. “आता ह्याला कमी दिसंल, मग जास्त उजेड सोडंल.” भंतेजीसुद्धा बघत राहिले.

रोल धुतल्याशिवाय काय आलंय ते कळणार नव्हतं. धुवायला पाणी कुठलं? काकांनी स्वतःच्या प्यायच्या हंड्यातलं वापरलं. असल्या वेड्या माणसावर माझा फार जीव होता.

फोटोत ताईचा चेहरा स्वच्छ आला होता, डोळ्यांतल्या पाण्यासकट. आई पोटभर रडली. मग म्हणाली, “तुमच्या मंडळींचा फोटू न्हाई का? म्या त्यान्ला कधी बघितलंच न्हाई.”

काकू तर काका आमच्या शेजारी येण्याआधीच वारल्या होत्या. काकांनी खिशातून स्वतःच्या लग्नातला त्यांचा फोटो काढला. त्या दिवशी स्वतःच नवरदेव, म्हणून आपला नवाकोरा फ्लॅश त्यांनी एका दोस्ताच्या हाती दिला होता.

“साडी लई झकास आलीया,” ते म्हणाले.

साडी खरंच लख्ख होती. चेहऱ्याच्या जागी मला नुसता काळोख दिसला.

आईनं फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ निरखला. “हसत्यात की हो.”

“कुठं, वहिनी?” म्हणत काका तिच्या खाटेजवळ खाली बसले.