खडे बसवलेला खांदा

गोपीनाथ राव नमस्कार दोन टप्प्यांत करीत. आधी डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकलायचं, मग उजवा हात घसरायच्या आत डाव्याने त्याला गाठायचं. तोवर समोरचा माणूस जिना उतरून गेलेला असे.

दोन हजार पाचच्या सुमारास तमिळ मुलखात, तांबरमला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. राव पिढीजात तंजावरी मराठी. माझं पुणेरी मराठी त्यांना अशुद्ध वाटे. "भाषा तर येत नाही तुम्हांस, सांबार तरी खा!" म्हणत.

त्यांना डॉक्टरांकडे मीच नेलं. खांद्याचे स्नायुबंध फाटलेले, हाडाचा गोळा वर सरकून झिजलेला, आणि सांध्यातून काढलेल्या पाण्यात कॅल्शियमचे बारीक स्फटिक. दुसरा कोणी हाय खाता. रावांनी विचारलं, "अय्यो, अंगठीत घालण्याजोगे आहेत की?" मग गल्लीभर सांगत सुटले, "लोक खडे बोटांत घालतात. मी आत बसवून घेतले."

डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: हात डोक्यावर न्यायचा नाही. राव रोज सकाळी नेमकं तेच करीत. पत्नीचं, सुंदराबाईंचं, सोवळ्याचं लुगडं धुऊन काठीने छताजवळच्या बांबूवर वाळत घालीत. कुणी शिवू नये म्हणून तो इतका उंच. बाईंना विस्मरणाचा आजार. लेकीचं नावसुद्धा पुसलं गेलं होतं, सोवळं तेवढं शाबूत. "बांबू खाली घ्या हो," मी म्हणे. "सरी, सरी," असा तमिळ होकार भरीत राव काठी उचलीत.

शेवटी मी शहाणपणा केला. घडीचा स्टँड आणला आणि ओलं लुगडं स्वतःच त्यावर पसरलं. मी, अंघोळीची गोळी घेऊन पारोसाच शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला निघालेला!

"कोणी शिवलं?" बाईंनी विचारलं. सोवळं नाही म्हणजे जेवण नाही. बारा वाजले तरी त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. माझं ऑफिस बुडालं.

राव रागावले नाहीत. पुन्हा अंघोळ केली, लुगडं पुन्हा धुतलं, काठी उचलली. हात तीनदा गळून पडला. चौथ्यांदा लुगडं वर गेलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझीच लाज वाटली.

तिथल्या उन्हाळ्यात लुगडं तासाभरात वाळलं. बाई नेसून पानावर बसल्या. राव ताक घेऊन शेजारी उभे.

बाई मला म्हणाल्या, "हा म्हातारा कोण की, ठाऊक नाही. पण सोवळं कळतं यास. ठेवून घ्या. जाऊ देऊ नका."

"राहतो, अम्मा," राव म्हणाले.