हळू, पोरगी वाचून राहिली!

आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या कुकरच्या शिट्ट्या व्यंकटआबांच्या सदऱ्याच्या खिशात असायच्या. चोरीच्या नव्हेत हो. सकाळचा स्वयंपाक उरकला की आबा दारात उभे राहायचे, हात पुढे करायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "बाई, शिट्टी." आपण मुकाट्यानं काढून द्यायची. संध्याकाळी पोरगी क्लासला गेली की आबा घरोघर परत करायचे. आता कुणाची शिट्टी कुणाची, हे त्यांना कुठलं कळायला? एकदा शेजारच्या सुमनची शिट्टी माझ्या कुकरला आली. ती काही केल्या बसेना, आणि आमचं वरण दाताखाली कचकच. मी चांगली फणकारून सांगायला गेले, तर आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. पोरगी वाचून राहिली."

पोरगी म्हणजे त्यांची नात, शिवकन्या. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. दहावीला शाळेत पहिली आली आणि आबांनी तिला उचलून लातूरला आणलं, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला. आईबाप मागं राहिले, शेत आणि म्हशी कोण बघणार? आमची वरची खोली दोघांनी घेतली. पहिल्याच दिवशी आबांनी मला सांगून टाकलं, "आमच्या अख्ख्या भावकीत कंपाउंडरसुदिक न्हाई बगा. ही डायरेक डाक्टर होनार."

लातूरचं तुम्हाला ठाऊकच असेल. पोरांना शिकवायचं काम क्लासवाले करतात, पण पोरं सांभाळायचं काम गल्ल्या करतात. कुणाचा डबा, कुणाचा ताप, कुणाच्या आईचा फोन. माझं माहेर औशाचं, शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवर झालं. पण आमच्या वर राहिलेल्या पोरांमुळं मला पेशी आणि ऊतक इतकं तोंडपाठ झालंय की विचारू नका. तर सांगायचं म्हणजे, पोरांसाठी गल्ली सगळं करते. पण आबांनी जो बंदोबस्त लावला, तसा कुणीच लावला नव्हता.

भाजीवाल्या मुनीरच्या गाड्यावरचा भोंगा आबांनी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला. मुनीर बिचारा भला माणूस. तो दारोदार येऊन कानाशी कुजबुजायला लागला, "अम्मा, मेथी लेना क्या?" बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी चोरीचा माल विकतोय. सुमन म्हणायची, "मावशी, चोरून मेथी घ्यायची वेळ आली बघा आपल्यावर!"

आणि ती वरात! कोपऱ्यावरून बँड आत वळला तसे आबा मधोमध जाऊन हात जोडून उभे राहिले. काय बोलले कोण जाणे, पण ढोल-ताशे गप झाले. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड मागं, वाजंत्री काखेत वाद्यं मारून, चपला घासत अख्खी वरात आमच्या गल्लीतून चालली. माना खाली. नवरदेवाची आई घाबरून माझ्या ओट्याशी आली. "कोण गेलं ओ तुमच्यातलं?"

मी म्हटलं, "गेलं कुणी नाही. वर पोरगी वाचतेय."

त्या माउलीचा जीव असा भांड्यात पडला, की तिनं पदरातले पेढे काढून माझ्या हातावर ठेवले. "तिला द्या. पास होऊ दे."

असं सगळ्यांनाच वाटत होतं. सुमनच्या नवऱ्यानं मोटरसायकल कोपऱ्यापासून ढकलत आणायला सुरुवात केली. गणपतीत मंडळानं स्पीकर लावला नाही. आरती आम्ही टाळ्या न वाजवता, ओठ हलवून म्हटली. आपल्या गल्लीतली पोरगी डॉक्टर होणार, म्हणून जो तो आपलं तोंड आवरून होता. माझ्यासारखीनंसुद्धा आवरलं, यात सगळं आलं. आबा म्हणायचे, "बाई, तुमी मनाच्या लई चांगल्या, पन आवाज तुमचा यष्टी स्टँडावरचा."

आबा भाकरी स्वतः थापायचे. कडा जाड, मधे पातळ, पण करायचे. नातीशी मात्र बोलायचे नाहीत. बोलण्यात तिचा वेळ जातो म्हणे. तोंडाशी बोटं नेली की जेव, गालाखाली तळवा ठेवला की झोप. ती मान हलवायची. ती वाचत बसली की हे जिन्यात, पाठ भिंतीला लावून. खोकला आला तर खाली आमच्या मोरीत येऊन खोकून जायचे.

एकदा ती विरजणाच्या निमित्तानं माझ्या स्वयंपाकघरात आली. मी भाजी निवडत होते, सुमन सासूचं गाऱ्हाणं सांगत होती. पोरगी भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आजी, मी पुस्तक घिऊन हितंच बसू का? तुमी बोला. मी वाचते." आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात दारात आबा. त्यांनी नुसतं बोट वर केलं. ती विरजणाची वाटी घेऊन जिना चढून गेली.

दोन वर्षांनी परीक्षेचा निकाल लागला. नाही झालं तिचं. थोड्यानं नाही, चांगलंच मागं राहिलं.

त्या दिवशी आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. आबा जिन्यात म्हणत होते, "आजून एक वर्स बसू. मी मागची खिडकीबी बुजवून घेतो, रस्त्याचा आवाज येतो तितून."

"आबा, नगा ओ!" ती एकदम ओरडली. आम्ही सगळ्याजणी आपापल्या दारात थिजलो. "आपल्या घरी समोर गिरणी, मागं म्हशी, आईचं न् काकूचं भांडण. त्याच्यातच मी पहिली आले. हितं लई शांत होतं. पुस्तक उघडलं की माझंच काळीज वाजल्यालं ऐकू यायचं. मला भ्याव वाटायचं, आबा."

"मग सांगायचं न्हाईस का, बाळा?"

"कसं सांगू? बोलू नको म्हणलाव की तुमीच."

आबा पायरीवर बसले. आम्ही एवढ्या बायका, पोरं वाढवलेल्या, नातवंडं खेळवलेल्या. पोरीला काय हवंय हे एकीनंही तिला विचारलं नव्हतं. शिट्ट्या मात्र इमानानं काढून दिल्या.

शिवकन्या नांदेडला कॉलेजात गेली, होस्टेलवर. आबा मात्र खोली सोडेनात. सामान बांधून ठेवलेलं, रोज म्हणायचे, "उद्याच्या गाडीनं निघतो." गावात पाय ठेवला की जो तो विचारणार, पोरीचं काय झालं. गल्लीनं आपले आवाज परत सुरू करायला हवे होते, पण कुणाचा धीर होईना. आबांना वाईट वाटेल म्हणून मुनीर अजून कुजबुजतच मेथी विकत होता.

एका दुपारी आबा माझ्या दाराशी आले. हातात मोबाईल.

"बाई, एक इचारायचं हुतं. हसू नगा."

"नाही हसत. बसा."

"शिवाचा फोन येतो सांजच्याला. 'आबा, कसे हाव?' म्हनती. मी 'बरा' म्हनतो. मग ती गप, मी गप." ते फोनकडं बघत राहिले. "लेकरासंगं काय बोलत असत्यात ओ?"

मी म्हटलं, "काही मोठं नसतं, आबा. आज भाजी काय होती, एवढं विचारा."

संध्याकाळी मी जिन्याखाली धुणं घड्या करत होते. फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडं ताटांचा खणखणाट, पोरींचा कालवा. कुणीतरी खिदळत होतं.

"आबा, कसे हाव?"

"बरा." मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी. "शिवा... आज भाजी काय हुती?"

"कोबी! आबा, कसली बेचव करत्यात ओ! आन् माझ्या खोलीत देगलूरची एक पोरगी हाय, ती झोपंत तेलगू बोलती. आमी सगळ्या उठून ऐकत बसतो..." ती जी सुरू झाली ती थांबेना. अधूनमधून मागच्या पोरींवर डाफरत होती, परत सांगत होती. मधेच थबकली. "आबा? हाव का? फोन कटला का?"

"हाव, हाव. हाय की." आबांनी फोन तोंडाजवळ धरला.

"आन् कोबीसंगं काय हुतं गं?"