दोन पुड्यांची परीक्षा जाहली त्याची बखर

श्रीधन्वंतरींचे पायीं मस्तक, आणि खलबत्त्यासही नमस्कार. शके सोळाशें पन्नास, कीलकनाम संवत्सरीं राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, दफ्तराचे चाळीस कारकून एकदम थकले, लेखणी हातीं आणि घोरणें सुरू. मग राजवैद्य गदाधरशास्त्री यांणीं नाड्या पाहिल्या आणि छातीठोक बोलिले, "मूत्रपिंडांचे माथां दोन इवल्या ग्रंथी, अधिवृक्क नांवाच्या, त्या चौक्या दमल्या. आमचें आस्कंदचूर्ण, म्हणजे अश्वगंधेचें, द्यावें, चाळीस दिवसांत ताजे होतील." चिटणीस निळोपंत हंसले, "शास्त्रीबोवा, चौक्या आपण पाहिल्यात?" तेव्हां शास्त्रीबोवा लालबुंद जाहले आणि बोलून बसले कीं, गुण न आल्यास राजवैद्यकीचीं वस्त्रें परत करीन. वस्त्रें आजोबांपासून चालत आलेलीं, त्यामुळें घरीं जाऊन फार हळहळले.

मग राज्याच्या धनीण बाईसाहेबांची आज्ञा जाहली कीं, वीस जणांस आस्कंद द्यावें आणि वीस जणांस भाजल्या सातूचें पीठ, दोहींत सुंठ घालून चव लपवावी, पुड्या एकसारख्या, आणि कोणास कोणती हें आम्हींच जाणूं. पथ्य सर्वांस एक: दिवेलागणीस दफ्तर बंद, जागरण वर्ज्य, सकाळीं दूध. मग शास्त्रीबोवांनीं चाळीस दिवस स्वतः कुटलें, चाळलें आणि पुड्या बांधिल्या. चाळिसावे दिवशीं चाळीसही कारकून टवटवीत हजर, आणि एकानें तर निळोपंतांस उलट उत्तर केलें! दरबारीं वाहवा जाहली. मग बाईसाहेबांनीं यादी उघडिली, तों आस्कंदवाल्यांस झोंप किंचित अधिक बरी, इतकेंच, आणि सातूवालेही तितकेच ताजे.

शास्त्रीबोवांचे तोंडचें पाणी पळालें. अंगावरचीं वस्त्रें सोडूं लागले. बोलिले, "सरकार, आस्कंदाचा गुण थोडा दिसतो, परंतु माणसें वीस आणि दिवस चाळीस, एवढ्यावर डंका पिटूं नये. चौक्या दमल्या हें मी बोललों, पाहिलें नाहीं. खरा गुण पथ्याचा. पंत या कारकुनांस रात्रभर लिहावयास बसवीत होते, तें बंद जाहलें." बाईसाहेब प्रसन्न होऊन बोलिल्या, "वस्त्रें राहूं द्या. आपली चूक भरदरबारीं सांगणारा वैद्य आम्हीं दुसरा कोठून आणावा?" आणि दिवेलागणीस दफ्तर बंद हा हुकूम कायम जाहला. निळोपंत खालीं पाहूं लागले, आणि शास्त्रीबोवा तर कुटून कुटून उभ्याउभ्याच पेंगूं लागले. "यांसही पुडी द्या. कोणती हवी?" बाईसाहेबांनीं पुसिलें. "कोणतीही द्यावी," शास्त्रीबोवा बोलिले, "पथ्य मात्र पुरतें द्यावें."

येणेंप्रमाणें परीक्षा जाहली. आस्कंद थोडें लागू पडलें, झोंप सर्वांस लागू पडली, आणि वस्त्रें शास्त्रीबोवांचे अंगावरच राहिलीं. लिहिणार त्या चाळिसांतलाच एक, सातूवाला. दिवे लागले, सबब लेखणी ठेविली.